खाडीच्या गाळात जुनं लाकूड कसं टिकवायचं : दिवाळे जेट्टीवरच्या प्रयोगाच्या नोंदी

आधी काम काय आहे ते सांगतो. बुडालेल्या जुन्या जहाजाचे अवशेष वर न काढता जागच्या जागी झाकून सांभाळतात. त्याची तालीम आम्ही बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात, जेट्टीशेजारच्या उघड्या गाळात करतो आहोत. कुठल्याही ऐतिहासिक अवशेषाला आम्ही हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. आमच्याकडे आहेत मापात कापलेल्या लाकडाच्या पट्ट्या, भंगारातला एक नांगर आणि मोडीत काढलेल्या एका होडीचा तळाचा भाग, म्हणजे पठाणाचा (तळाच्या मुख्य लांब लाकडाचा) तुकडा, त्याला धरून असलेली काही वाकं (बरगड्यांसारखी आडवी लाकडं) आणि फळ्या.

होडी नाखवांची. सोबत होड्या दुरुस्त करणारे सुतारकाका आणि वाशीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम. मी महाप्याच्या एमआयडीसीत जिओटेक्स्टाइलच्या, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणाऱ्या कृत्रिम कापडाच्या, गोदामात नोकरीला आहे, त्यामुळे कापड माझ्याकडे.

सोपारा, कल्याण, चौल, दाभोळ या बंदरांत शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत होती. त्यातली किती बुडाली असतील आणि त्यांचं लाकूड कुठे गाळाखाली अजून शाबूत असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही. ड्रेजिंगनं किंवा बदललेल्या प्रवाहानं असं लाकूड एकदा उघडं पडलं की आपल्या उबदार पाण्यात ते फार काळ टिकत नाही. त्या वेळी काय करायचं हे आधीच हाताला ठाऊक असावं, यासाठी ही तालीम.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

जागा ठरवली. तिवरांपासून लांब, होड्यांच्या वाटेत न येणारी, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पूर्ण उघडी पडणारी. नाखवांनी पहिल्याच दिवशी वेळेचा हिशेब लावून दिला : "थंडीत सांजची सुकती खोल जाते. दिस उतरला का चिखलात उतरायचं." म्हणजे हिवाळाभर काम डोक्याला बॅटरी बांधून. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस धरायचे, भांगाच्या पाण्यात (अष्टमीच्या आसपास, ओहोटी उथळ असते तेव्हा) उतरण्यात अर्थ नाही.

सळई खुपसून पाहिली. मीटरभर मऊ गाळ, खाली शिंपल्यांचा कडक थर. फावड्यानं एक काप घेतला, तर वर बोटभर तपकिरी गाळ आणि त्याखाली लगेच काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा. हा काळा थर म्हणजेच आमची तिजोरी. तिथे प्राणवायू पोचत नाही, आणि प्राणवायूशिवाय लाकूड पोखरणारा टेरेडो जगत नाही. दिसायला तो अळीसारखा असला तरी मुळात शिंपल्याच्या कुळातला. त्याची पिल्लं पाण्यातून तरंगत येतात, टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून लाकडात शिरतात आणि आतल्या आत वाढत जातात. बाहेरून लाकूड धडधाकट दिसतं, आतून ते पोकळ झालेलं असतं.

परवानगीचं सांगून ठेवतो, कारण सर्वांत जास्त वेळ इथेच गेला. मच्छीमार सोसायटीचं पत्र लगेच मिळालं. सरकारी कागद मात्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. अर्जात तीन गोष्टी पहिल्याच परिच्छेदात लिहा : यंत्रानं खणणार नाही, कांदळवनात पाय ठेवणार नाही, काम संपल्यावर सगळं सामान काढून नेणार. आमचा अर्ज याच ओळी नसल्यामुळे परत आला होता.

१ डिसेंबर

खरेदी. पट्ट्यांचं माप २० × ७.५ × २.५ सेंमी. परदेशातल्या चाचण्यांमध्येही साधारण याच मापाच्या पाइनच्या पट्ट्या वापरतात. आम्ही चार लाकडं घेतली : पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन, आंबा, नवा साग आणि नाखवांच्या जुन्या होडीच्या फळीतून कापलेला साग. पाइन जवळजवळ फुकट मिळालं. साग तुकड्यांच्या भावात घेऊनही खिशाला चांगलाच जाणवला.

आकडे ठोकलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खाऱ्या पाण्यात पांढऱ्या पडून वाचता येत नाहीत, हे सुतारकाकांनी आधीच सांगितलं. म्हणून गुरांच्या कानाला लावतात ते प्लास्टिकचे बिल्ले घेतले. अजून एकही आकडा पुसलेला नाही.

१५ डिसेंबर, पौर्णिमा

पट्ट्या लावल्या. काही जेट्टीच्या खांबाला पाण्यात उघड्या लटकवल्या, काही जिओटेक्स्टाइलमध्ये गुंडाळून त्यांच्याच शेजारी. काही गाळाच्या पृष्ठभागावर खुंटीला बांधल्या, काही १० सेंमी खोल पुरल्या, काही ५० सेंमी.

५० सेंमीचा खड्डा त्या गाळात उभा राहत नाही, खणता खणता बुजतो. शेवटी तळ कापलेला प्लास्टिकचा ड्रम दाबत दाबत खाली नेला, आतला गाळ बादलीनं उपसला, पट्टी ठेवली, तोच गाळ परत भरला आणि ड्रम उपटून काढला. उपसलेला गाळ झाकलेल्या बादलीत ठेवावा. वाऱ्यावर पसरला की काळ्याचा तपकिरी होतो, म्हणजे प्राणवायू घेतो, आणि आपण तोच लाकडाभोवती भरतो.

१२ जानेवारी २०२५

गुंडाळलेल्या पट्ट्यांपैकी बऱ्याच सैल झालेल्या. कापड पॉलिप्रॉपिलीनचं होतं, १५० जीएसएम (चौरस मीटरला १५० ग्रॅम), रस्त्याच्या कामातलं. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं. प्रत्येक भरतीला ते वर उचललं जायचं, सुकतीला खाली बसायचं, आणि या ओढाताणीत केबल टाय घसरले. जिथे कापड लाकडाला घट्ट चिकटून राहिलं तिथे आत स्वच्छ. जिथे फट पडली तिथे बार्नेकल (घट्ट चिकटणारे कवचाचे जीव) आणि चिकट शेवाळ.

गोदामात पॉलिएस्टरचं ३०० जीएसएम कापड आहे. ते पाण्यापेक्षा जड, आपोआप बुडतं. भाव मात्र अडीचपट, चौरस मीटरला साधारण ९० रुपये. तेच आणणार. शिवाय टायऐवजी मच्छीमारीची नायलॉन दोरी. ती गाठ नाखवांनी बांधली, आणि ती आजवर सुटलेली नाही.

१६ फेब्रुवारी

लटकवलेली पाइनची पट्टी काढली. वर मोजकी बारीक भोकं, बाकी काही नाही. सुतारकाकांनी हातात घेऊन बोटानं टकटक केली आणि म्हणाले, "गेली ही." नेरुळमधल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, फिल्मचे ४०० रुपये. पट्टीच्या लांबीत एकमेकांना चुकवत गेलेले बोगदे स्पष्ट दिसले. टेरेडो आपल्या बोगद्याला आतून चुन्याचं अस्तर लावतो, ते फिल्मवर पांढरं उमटतं. दोन महिन्यांत एवढं. डॉक्टरही बराच वेळ फिल्म दिव्यासमोर धरून बघत राहिले.

ज्यांना एक्स-रे परवडत नसेल त्यांनी पट्टी करवतीनं आडवी कापावी, पण मग ती पट्टी संपली. एक्स-रे काढून तीच पट्टी परत पाण्यात सोडता येते, म्हणून खर्च वाचवू नका.

५० सेंमी खोलीवरची पाइनची पट्टी मात्र करवतीखालून नुकतीच आल्यासारखी, फक्त रंगानं काळवंडलेली. एकही भोक नाही. मॅडमनी सावध केलं : पूर्ण सुरक्षित म्हणू नका. प्राणवायू नसतानाही काही जिवाणू लाकडाच्या पेशींची भिंत सावकाश खात राहतात. त्याला दशकं, शतकं लागतात. टेरेडोला महिने पुरतात. आपण विकत घेतो तो हा वेळ.

२ मार्च

होडीचा तुकडा खाली आणला. चार मीटर लांब, दीड मीटर रुंद. अर्धा गाळात बसवला, वाकांची टोकं वर उघडी ठेवली, कारण सापडणारा अवशेष बहुधा तसाच दिसतो. झाकण्यापूर्वी नोंद : पठाणाच्या रेषेत टेप ताणला, दर २५ सेंमीवर दोन्ही बाजूंचं अंतर आणि पाण्याच्या नळीनं उंची. फोटो काढले. खाडीच्या पाण्याखाली हातभर अंतरावरचंही दिसत नाही, त्यामुळे पाण्याखाली फोटोंवरून नकाशा करण्याची पद्धत इथे चालणार नाही. भरतीत मोजायचं तर हातानं चाचपत, गाठी मारलेल्या दोरीनं. तेही करून पाहिलं. सुकतीत घेतलेल्या मापांशी ताडलं तेव्हा काही ठिकाणी वीतभर फरक आला. कारण दोरी प्रवाहानं धनुष्यासारखी वाकते. जाड दोरीऐवजी पातळ स्टीलची वायर ताणली, तर फरक बोटा-दोन बोटांवर आला.

तालमीतलं हे लाकूड अजून भक्कम आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. शतकानुशतकं पाण्यात राहिलेलं लाकूड बाहेरून आकार धरून असतं, पण आत पाणीच जास्त आणि बोट दाबलं तर भिजलेल्या पावासारखं आत जातं. ते उन्हात सुकलं की आकसतं, फाटतं, आणि झालेलं नुकसान परत भरून येत नाही. म्हणून वर काढणं ही शेवटची गोष्ट. स्वीडनचं 'वासा' १६२८ मध्ये बुडालं, १९६१ मध्ये वर आलं, आणि त्याच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा (सुकताना लाकूड आकसू न देणाऱ्या मेणासारख्या रसायनाचा) फवारा १७ वर्षं चालू ठेवावा लागला. इंग्लंडचं 'मेरी रोझ' १९८२ मध्ये वर काढलं, त्यावरचा हा फवारा २०१३ मध्ये थांबला. आपल्याकडे उद्या असं काही सापडलं तर एवढी टाकी, एवढी वीज आणि एवढी वर्षं कोण देणार? युनेस्कोच्या २००१ च्या करारात जागेवरच जतन हा पहिला पर्याय ठेवला आहे. आपल्यासाठी तर बहुतेक वेळा तोच एकमेव पर्याय ठरेल.

१६ मार्च

होडीवर पहिलं आच्छादन. नेदरलँड्समध्ये वाडन समुद्रातल्या बुडालेल्या जहाजांवर बांधकामाला लावतात तशी पॉलिप्रॉपिलीनची जाळी टाकतात. प्रवाहानं वाहत आलेली वाळू तिच्या छिद्रांतून खाली पडते, पुन्हा उडून जात नाही, आणि काही काळात तिथे उंचवटा तयार होतो. समुद्रच झाकणाचं काम करतो. मला ही कल्पना फार आवडते, म्हणून पहिल्यांदा हीच.

रोपवाटिकेची हिरवी शेडनेट घेतली, चौरस मीटरला २५ रुपये. चारी बाजूंनी ताणून खुंट्यांना बांधली.

३० मार्च, गुढीपाडवा

जाळीखाली गाळ नाही. उलट जाळीच्या कडेनं प्रवाहानं चर पाडलेला, खोलीला पंजाएवढा. ताणलेली जाळी भिंतीसारखी वागते. पाणी तिच्या कडेनं जोर धरतं आणि तळ खरवडतं. नाखवांनी पाहताक्षणी सांगितलं, "डोल ताणून लावली का पानी फाडतं. हिला ढिली सोड." डोल जाळ्याचा (प्रवाहात लावतात त्या पिशवीसारख्या जाळ्याचा) सगळा अनुभव त्यात होता. जाळी सैल केली, मध्ये पोट सुटेल इतकी, आणि कडा फूटभर गाळात पुरल्या.

१३ एप्रिल

सैल जाळीखाली तळहात बुडेल एवढा गाळ. काम झालं असं वाटलं, पण हा गाळ पाण्यासारखा पातळ होता. बोट फिरवलं की ढवळला जात होता. डच अनुभव वाळूचा आहे, आणि आपल्या खाडीत वाळू जवळपास नाही, सगळा बारीक चिकणगाळ. तो बसायला वेळ घेतो, आणि एक जोरदार बोट जवळून गेली की पुन्हा उठतो. तेव्हा नुसती जाळी या खाडीत पुरणार नाही. तिच्यावर वजन हवं.

याच आठवड्यात एक निराळी गोष्ट झाली. दुसऱ्या गावच्या एका मच्छीमारानं नाखवांना सांगितलं, की अमुक ठिकाणी त्याचं जाळं जुन्या लाकडाला अडकतं. ती जागा इथे लिहिणार नाही, आम्ही तिथे गेलोही नाही. फोनच्या नकाशावर खूणसुद्धा केली नाही, कारण अशा खुणा फिरत फिरत भंगारवाल्यापर्यंत जातात. त्या भावाला समजावून राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला पत्र लिहून दिलं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते, आणि जमिनीत दडलेलं सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात २००१ पासून पाण्याखालच्या पुरातत्त्वासाठी स्वतंत्र शाखा आहे. लक्षद्वीपमधल्या बंगारम बेटापाशी 'प्रिन्सेस रॉयल' या जहाजाचं काम तिनंच केलं. अशा जागेचा निर्णय त्यांचा. मासेमारीचं जाळं टाकणाऱ्या माणसानं तिथे पुन्हा जाळं न टाकणं, एवढं जरी झालं तरी अवशेषाला मोठा आधार मिळतो.

२७ एप्रिल, अमावास्या

वाळूच्या पिशव्या. कॅनडात रेड बे इथे सोळाव्या शतकातलं बास्क लोकांचं देवमाशांच्या शिकारीचं जहाज खणून, अभ्यासून, त्याची लाकडं परत समुद्रतळाशी पुरली. वर वाळू, तिच्यावर जाड ताडपत्री आणि ताडपत्रीवर काँक्रीट भरलेले टायर. टायर आम्ही मुद्दाम टाळले. खाडीत आणखी रबर नको.

पहिल्या खेपेला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वापरल्या होत्या, मार्चमध्येच भरून जेट्टीवर ठेवलेल्या. उन्हानं त्यांचा धागा मोडला. उचलताना तळ फाटून वाळू बाहेर. गोणपाट तर भिजल्यावर त्याहून लवकर सडतं. उन्हाचा मारा सोसणाऱ्या जिओबॅग घेतल्या, एक ४५ रुपयांना. होडीच्या तुकड्याला ९० लागल्या. भरायला दगडाची चुरी, टेंपोसकट २५०० रुपये. खाडीतली वाळू उपसू नका, ती बेकायदा आहे आणि आपण वाचवायला निघालो त्याच तळाचं त्यानं नुकसान होतं.

चुरीला धारदार कडा असतात. म्हणून क्रम असा ठेवला : लाकडावर आधी हातानं काळा गाळ लिंपायचा, वाकांमधल्या पोकळ्या पूर्ण भरायच्या, त्यावर पॉलिएस्टरचं कापड, मग पिशव्या, आणि सगळ्यांत वर सैल जाळी. पोकळी राहिली तर वजन वाकांच्या टोकांवर येतं. जुनं लाकूड ते सोसणार नाही.

१३ मे

कापड मधोमध फुगलेलं. खालच्या गाळातून वायू सुटतो आणि कापडाखाली साठतो. नव्या नॉन-वोव्हन (न विणलेल्या, नमद्यासारख्या) कापडातून तो सहज जातो, पण छिद्रांत चिकणगाळ बसला की वाट बंद. वरच्या मधल्या पिशव्या बाजूला घसरल्या होत्या. कापडाला मध्ये बोटभर लांबीच्या चिरा दिल्या, प्रत्येक चिरेवर कापडाचाच ठिगळासारखा पदर एका बाजूनं शिवला. वायू बाहेर पडतो, पाणी सरळ आत शिरत नाही. हे शिवायला नाखवांच्या सौभाग्यवतींनी मदत केली, जाळं विणायच्या सुईनं. मशीनची शिवण एवढी टिकली नसती.

कडेच्या पिशव्या मऊ गाळात तिरक्या होऊन रुतत होत्या. त्यांच्याखाली बांबूची चटई घालावी असं सुतारकाकांचं मत, आणि जुन्या बांधांना तसंच करतात. पण बांबूही लाकूडच. टेरेडोला मेजवानी दिल्यासारखं होईल म्हणून प्लास्टिकची जिओग्रिड (मोठ्या छिद्रांची कडक जाळी) अंथरली. वजन पसरलं, रुतणं थांबलं.

२६ मे, सोमवार

पाऊस. मुंबईत मान्सून आजच पोचल्याचं जाहीर झालं, इतक्या लवकर तो याआधी कधी नोंदलेला नाही. दुसरा थर जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकायचं ठरलं होतं. वायव्येची कड अजून मोकळीच आहे. उद्याच्या सुकतीला जाऊन जेवढ्या पिशव्या हाताशी आहेत तेवढ्या तिथे टाकणार.

१४ जून

वायव्येची कड उचकटली. कापड हातभर मागे दुमडलेलं, दोन वाकांची टोकं उघडी. त्यांच्यावर आताच बारीक भोकं. बाकी आच्छादन जागेवर. पावसाळ्याआधीचं काम मेच्या मध्यापर्यंत संपवावं, वेळापत्रक पंचांगावरून ठरवू नये. दुमडलेलं कापड परत ओढून कड फूटभराऐवजी दोन फूट खोल पुरली. कड उथळ असेल तर वर कितीही वजन ठेवा, पाणी खालून शिरतं.

१३ जुलै

आता सकाळची सुकती खोल जाते, त्यामुळे उजेडात काम. मासेमारी बंदीमुळे जेट्टीवर माणसांची मदत भरपूर.

पाण्याचा खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरनं मोजला : मेमध्ये हजार भागांत ३४ होता, आज ११. जूनमध्ये टांगलेल्या नव्या पाइनच्या पट्टीवर जवळजवळ भोक नाही. बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारं, टेरेडोला न मानवणारं. 'वासा' तीनशेहून अधिक वर्षं उभंच्या उभं राहिलं त्यामागचं एक मोठं कारण हेच. आपल्या खाडीला ही सवलत पावसाळ्यापुरतीच. एखादं लाकूड उघडं पडलं असेल तर झाकायला हे चार महिने सोन्यासारखे आहेत, जरी काम करायला ते सर्वांत अवघड असले तरी.

१० ऑगस्ट

नारळी पौर्णिमा परवा झाली. आज नांगराचं काम.

लोखंडाचा प्रश्न लाकडापेक्षा वेगळा. दारूखान्यातून २५ किलोचा जुना नांगर आणला होता. तो जेट्टीच्या टोकाला, कधीच न सुकणाऱ्या पाण्यात ठेवला आहे, कारण जस्ताचं संरक्षण पाण्याखालीच चालतं. होडीवाले सुकाणूजवळ झिंक प्लेट लावतात तीच रीत : जस्त आधी गंजतं, लोखंड वाचतं. परदेशात बुडालेल्या तोफा-नांगरांना असंच जोडतात.

मल्टिमीटर आणि चांदीचा संदर्भ-इलेक्ट्रोड (ज्याच्याशी तुलना करून विद्युतदाब मोजतात ते टोक) वापरून मोजलं. जस्त जोडण्यापूर्वी उणे ०.६२ व्होल्ट. जोडल्यावरही उणे ०.६६ च्या पुढे जाईना. पाहिजे किमान उणे ०.८०. दोष जोडणीत होता. क्लॅम्प गंजाच्या कवचावर बसला होता, लोखंडाला टेकलाच नव्हता. कवच खरवडू नका, त्यानंच आतलं लोखंड सांभाळलेलं असतं. एका जागी लहानसं भोक पाडून टोकदार बोल्ट आतल्या धातूपर्यंत नेला आणि सभोवती पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी भरली. आज उणे ०.९४. तांब्याची वायर उघडी राहिली तिथे हिरवी पडून तुटली होती, आता पूर्ण इन्सुलेशनची वायर आहे.

एक इशारा सुतारकाकांच्या आग्रहानं लिहितो. लाकडातल्या खिळ्यांना जस्त जोडू नये. संरक्षित लोखंडाभोवती पाणी अल्कधर्मी होतं आणि ते खिळ्याभोवतीचं लाकूड मऊ करतं. जास्त झिंक लावलेल्या होड्यांत हे त्यांनी स्वतः पाहिलं आहे.

७ सप्टेंबर

गाळाचा रेडॉक्स, म्हणजे गाळात प्राणवायू आहे की नाही हे दाखवणारा विद्युतदाब, मोजायचा पेन बिघडला. सल्फाइडनं टोक काळं पडलं आणि आकडा एका जागी थिजला. दोन हजार रुपये गेले. पुढचा पेन प्रत्येक मोजणीनंतर लगेच धुवून, साठवणीच्या द्रावणात ठेवतो. उणे आकडा दिसला आणि गाळ काळा असला तर पुढे. आकडा धन (+) दिसला आणि रंग तपकिरी असला तर आच्छादनात कुठेतरी फट आहे.

५ ऑक्टोबर

१० सेंमी खोलीच्या पट्ट्या काढल्या. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगाची नोंद ही. बहुतेक काळ्या आणि टणक. पण दोन पट्ट्यांवर एकेक तपकिरी पट्टा, नखानं ओरखडा उठेल इतका मऊ. त्या पट्ट्याच्या बाजूनंच खेकड्याचं बीळ गेलेलं. बिळाची आतली भिंत तांबूस होती, म्हणजे भरतीचं ताजं पाणी त्यातून खाली जात होतं. आपण १० सेंमी गाळ टाकून निश्चिंत होतो, आणि खेकडा त्यातून प्राणवायूची नळी टाकून जातो. ५० सेंमीपर्यंत अशी बिळं आमच्या जागेत पोचलेली दिसली नाहीत. होडीवर कापड आणि पिशव्या आहेत तिथेही नाहीत, कारण कापड खेकड्याला फाडता आलं नाही.

तेव्हा उथळ झाकायचंच असेल तर कापड हवंच. नुसता गाळ अर्ध्या मीटरपेक्षा कमी असू नये.

लटकवलेल्या पट्ट्यांचा निकाल : पाइन आणि आंबा संपले, हातात चुरा येतो. नव्या सागावर मोजकी भोकं. जुन्या होडीच्या सागावर नव्यापेक्षा जास्त. मॅडमच्या मते, वर्षानुवर्षं पाण्यात राहून सागातली कीड रोखणारी द्रव्यं झिरपून गेलेली असतात. जुन्या जहाजाचा साग आहे म्हणून तो तग धरेल, या भरवशावर कुणी राहू नये.

९ नोव्हेंबर २०२५

वायव्येच्या कडेची आणि मधल्या एका वाकाची तपासणी. मधलं वाक स्वच्छ, भोक नाही, गाळ काळा, पेनचा आकडा उणे. जूनमध्ये उघडी पडलेली दोन टोकं एक्स-रेला पाठवली : भोकं आहेत, पण बोगदे बोटाच्या पेरापेक्षा लांब नाहीत आणि आत जिवंत काही नाही. पुन्हा झाकल्यावर किडे गुदमरून मेले. म्हणजे कीड लागलेलं लाकूडही झाकण्यासारखं असतं, गेलं म्हणून सोडून देऊ नये.

होडीच्या तुकड्याचा आच्छादनाचा खर्च साधारण ११ हजार रुपये, मजुरी न धरता. त्यातले जवळपास ३ हजार फाटलेल्या गोण्या आणि हलक्या कापडावर गेले, ते तुम्हाला वाचवता येतील. कापड होडीच्या मापाहून प्रत्येक बाजूला किमान दीड मीटर जास्त घ्या, कारण दोन फूट पुरलेली कड बरंच कापड गिळते.

हे सगळं सुकतीला उघड्या पडणाऱ्या जागेचं आहे. कायम पाण्याखालच्या अवशेषासाठी पिशव्या पाणबुड्यांनी चाचपत रचाव्या लागतील. क्रम तोच राहील, वेळ कितीतरी पट लागेल.

५० सेंमीवरच्या उरलेल्या पट्ट्या अजून गाळातच आहेत. स्वीडनमध्ये मार्स्ट्रांडच्या बंदरात अभ्यासासाठी पुरलेल्या नमुन्यांपैकी काही पुरल्यापासून अर्ध्या शतकाच्या आसपास बाहेर काढायचे आहेत. आमची सोसायटीची मुदत आणखी दोन वर्षांची आहे, म्हणून एक संच पुढच्या दिवाळीनंतर आणि शेवटचा त्याच्या पुढच्या वर्षी निघेल. नांगराचं झिंक आज वजन करून नवं लावलं, जुनं अर्ध्याहून कमी उरलं होतं. पुढची मोजणी डिसेंबरच्या पौर्णिमेनंतरच्या सुकतीला, संध्याकाळी. यायचं असेल तर जेट्टीवर दिस उतरण्यापूर्वी पोचा, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि डोक्याची बॅटरी आपली आपण आणा.